पासवर्डच्या आधीचे दहा सेकंद

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो. निर्वात पोकळीत तो ३ लाखांनी सुटतो, काचेत जरा मंदावतो. रेणापूरहून मुंबई रस्त्याने ५०० किलोमीटरच्या आतबाहेर. फायबर काही सरळ रेषेत जात नाही, गावोगावच्या एक्स्चेंजांतून वळसे घेत जाते. तरी जाण्यायेण्याचा हिशेब सेकंदाच्या हजाराव्या भागांतच मोडतो. वाटेतले सगळे राउटर धरले तरी रेणापुरातल्या लॅपटॉपवरून मुंबईच्या सर्व्हरला पिंग केलं की ३०-४० मिलिसेकंदांत उत्तर परत येतं. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

आणि त्याच लॅपटॉपवरून त्याच सर्व्हरला लॉगिन करायला गेलं, की पासवर्ड विचारला जाईपर्यंत १० सेकंद जातात. तेवढ्या वेळात काचेतला प्रकाश २० लाख किलोमीटर कापतो. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. म्हणजे दोनदा चंद्रावर जाऊन परत यावं आणि तिसऱ्यांदा पुन्हा तिथे पोचावं, एवढा हा वेळ. मुंबईला जायला एवढा वेळ लागत नसतो, हे सांगायला इंजिनिअर नको.

रेणापूर हे लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, रेणा नदीचं आणि रेणुकादेवीच्या देवळाचं. लातूर इथून वीसेक किलोमीटर. आता गल्लीतल्या विजेच्या खांबांवरून फायबरची बारीक काळी वायर घराघरांत शिरली आहे, आणि आमच्या शेजारची एक मुलगी तिच्या जोरावर पुण्यातल्या एका कंपनीची नोकरी घरून करते. सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, पगार पुण्याचा आणि दुपारची भाकरी आईच्या हातची. तिनेच एकदा लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "काका, नेट तर पळतंय, मग हेच कामून अडकतंय?"

आपल्याकडे असं काही अडलं की पहिला संशय नेटवर. पाऊस झाला असेल, लाइट गेली असेल, रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल उचकटली असेल. बहुतेक वेळा तो संशय खराही ठरतो. पण तिच्या प्रश्नातच नेटची सुटका होती. एकदा लॉगिन झालं की टर्मिनलमध्ये अक्षरं बोटाबरोबर उमटत होती. आणि इथे एक मजेची गोष्ट आहे, जी रोज टर्मिनल वापरणाऱ्यांच्याही ध्यानात येत नाही. दूरच्या सर्व्हरवर काम करताना तुम्ही 'क' दाबला की तो 'क' तुमचा लॅपटॉप पडद्यावर काढत नाही. तो दाब कुलूपबंद होऊन मुंबईला जातो, सर्व्हर तो वाचतो, 'हे घे तुझं अक्षर' म्हणून परत पाठवतो, आणि मग तो 'क' रेणापुरात दिसतो. प्रत्येक अक्षर हजार किलोमीटरची फेरी मारून आलेलं असतं. रस्ता खराब असता तर प्रत्येक अक्षर रखडलं असतं. रखडत होतं फक्त दार उघडणं.

या दाराचं नाव एसएसएच. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात १९९५ साली कुणीतरी नेटवर्कवर कान लावून लोकांचे पासवर्ड चोरले. त्या काळात दूरचं लॉगिन बहुतेक टेलनेट किंवा आरलॉगिनने व्हायचं आणि पासवर्ड तारेतून उघडाच जायचा. तिथला संशोधक टाटू युलोनेन याने त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं, त्याच वर्षी ते सगळ्यांना खुलं केलं, आणि त्यासाठी इंटरनेटच्या यादीतला २२ नंबरचा पोर्ट मागून घेतला. आज जगातले बहुसंख्य लिनक्स सर्व्हर ज्या रूपात ते वापरतात, ते ओपनएसएसएच, ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम घडवणाऱ्या मंडळींनी १९९९ साली बाहेर काढलं.

एंटर दाबल्यावर आत काय होतं ते पाहिलं तर वाटतं, वेळ लागायचा तो इथेच लागायला हवा. दोन अनोळखी यंत्रं भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत, एकमेकांशी बोलून एक गुपित ठरवतात. मधले सगळे बोलणं ऐकतात, तरी गुपित फक्त त्या दोघांनाच कळतं. त्यासाठी वापरलं जाणारं एक गणित ७७ अंकी मूळ संख्येच्या आधाराने चालतं. कागदावर एक गुणाकार करायला घेतला तर दिवस जाईल. लॅपटॉप हे सगळं मिलिसेकंदांत उरकतो. २०२२ पासून ओपनएसएसएच त्यात आणखी एक थर घालतं, उद्याच्या क्वांटम संगणकालाही फोडता येऊ नये म्हणून. तेही कुणाला जाणवत नाही. एवढं अवघड काम क्षणात होतं, आणि १० सेकंद खातो तो एक भाबडा प्रश्न: 'हा आलाय तो कोण?'

खेड्यात परका पाहुणा दारात आला की ओट्यावरचा म्हातारा विचारतो, "कुणाचा रे तू?" पाहुणा फक्त घराचा नंबर सांगतो. म्हातारा एका पोराला पिटाळतो, जा, पलीकडच्या वस्तीवर विचारून ये हा नंबर कुणाचा. पोरगं परत येऊन "असं घरच नाही तिथं" म्हणालं तरी म्हाताऱ्याचं काम भागतं. तो चष्मा सारखा करतो आणि पुढचं बोलतो. पण पोरगं परतच आलं नाही तर? म्हातारा वाट पाहत बसतो. मग दुसऱ्यांदा पिटाळतो. पाहुणा उन्हात उभा.

सर्व्हर अगदी हेच करतो. तुमचं लॉगिन ज्या आयपी पत्त्यावरून आलं, त्याचं नाव काय हे तो डीएनएसला, म्हणजे इंटरनेटवरच्या नावा-पत्त्यांच्या नोंदवहीला, विचारतो. नावावरून पत्ता शोधणं आपण दिवसभर करत असतो. ही त्याची उलटी चौकशी. तिची लिहिण्याची पद्धतही उलटीच. समजा तुमचा पत्ता आहे १०.८.०.२५, तर प्रश्न जातो '२५.०.८.१०.इन-ॲडर.आर्पा' या नावाने. यालाही कारण आहे. आयपी पत्त्यात मोठा प्रदेश आधी येतो आणि नेमकं यंत्र शेवटी. वेबसाइटच्या नावात उलट, यंत्र आधी आणि देश शेवटी. दोन्ही एकाच यादीत बसवायचे तर पत्ता उलटा करणं भाग होतं. शेपटीचं 'आर्पा' हे अमेरिकेच्या जुन्या आर्पानेटचं. ते जाळं कधीच बंद झालं, पण रेणापुरातून लॉगिन करणाऱ्या मुलीच्या पत्त्याला ते अजून चिकटून आहे.

या नामावळीचं आपल्या महाराष्ट्राशीही नातं आहे. १९८६ साली सुरू झालेल्या एरनेट प्रकल्पात मुंबईतली एनसीएसटी ही संस्था आघाडीवर होती, आणि 'डॉट इन'ने संपणाऱ्या नावांची नोंदवही बरीच वर्षं तिथेच, जुहूला, सांभाळली जायची. २००५ मध्ये ती 'निक्सी' या संस्थेकडे गेली. सामान्य माणसाला व्हीएसएनएलचं इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ला, म्हणजे एसएसएच जन्माला आलं त्याच वर्षी.

पण १० ने सुरू होणारा पत्ता कुठल्याच जागतिक नोंदवहीत सापडत नाही. १०, १९२.१६८ असे काही पत्ते १९९६ सालच्या नियमानुसार खाजगी वापरासाठी राखून ठेवलेत. घरातल्या वायफायवर तेच, कंपनीच्या व्हीपीएनवर, म्हणजे तिच्या आतल्या खाजगी जाळ्यावर, तेच. रेणापुरातल्या या मुलीला व्हीपीएन जोडल्यावर असाच पत्ता मिळत होता. तो कुणाचा, हे फक्त कंपनीचा स्वतःचा डीएनएस सांगू शकतो. त्याने 'माहीत नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. 'असं नावच नाही' हे उत्तर मिलिसेकंदांत येतं आणि लॉगिन पुढे सरकतं. संगणकाला नकाराचं काहीच वाईट वाटत नाही. त्याला अडवून धरतं ते उत्तरच न येणं.

आता ते १० सेकंद. लिनक्समध्ये डीएनएसला प्रश्न विचारला की उत्तरासाठी ५ सेकंद थांबायचं, आणि नाही आलं तर आणखी एकदा विचारायचं, असं मुळातच ठरवलेलं असतं. पाच दुणे दहा. मला या सगळ्यात सर्वांत जास्त भुरळ घालते ती हीच गोष्ट. निसर्गातला उशीर कधी गोल आकड्यात येत नाही. खराब नेटवर्क एकदा ३ सेकंद लावेल, एकदा ७, एकदा ४. दर वेळी नेमके १० लागत असतील तर समजावं की तो आकडा कुणीतरी बसून लिहिलेला आहे, आणि कुठेतरी एक घड्याळ तो शेवटपर्यंत मोजतंय.

मग उठून पाहायचं ते घड्याळ कुठे चालतंय. एसएसएचच्या आज्ञेला एक आडवी रेघ आणि तीन वेळा 'व्ही' जोडला की ते स्वतःच्या मनातलं सगळं बडबडायला लागतं. पडद्यावरून इंग्रजी ओळी सरसर वर जातात. त्या वाचत बसायचं नाही, कुठे थांबतात एवढंच पाहायचं. इथे गुपित ठरलं, किल्ल्या बदलल्या, 'सर्व्हिस ॲक्सेप्ट' अशी ओळ आली आणि सगळं गप्प. कर्सर लुकलुकतोय. बाहेर भंगारवाल्याची हाक येऊन गेली. मग एकदम पुढच्या ओळी आणि पासवर्डचा प्रश्न. सर्व्हरने पाहुण्याचं म्हणणं ऐकायचं कबूल केलं होतं, आणि पहिल्याच शब्दाला तो आत चौकशीला गेला होता.

जुना म्हातारा एवढी चौकशी का करायचा, हेही समजून घ्यायला हवं. १९८३च्या बर्कली युनिक्समध्ये आरलॉगिन आलं तेव्हा सर्व्हर माणसाऐवजी यंत्राच्या नावावर विश्वास ठेवायचा. अमुक यंत्रावरून आलास ना, मग पासवर्ड कशाला, ये आत. उलट्या नोंदीत स्वतःच्या पत्त्याला कुणाचंही नाव लावता येतं हे लबाडांच्या लवकरच लक्षात आलं. म्हणून दुहेरी चौकशी आली: पत्त्यावरून नाव विचारा, मग त्या नावावरून पुन्हा पत्ता विचारा, दोन्ही जुळले तरच खरं. एसएसएचने ही सवय उचलली, जरी त्याला तिची फारशी गरज नव्हती, कारण ते किल्ली आणि पासवर्डवर चालतं. त्या सेटिंगचं नाव 'यूज डीएनएस'. ती अनेक वर्षं आपोआप चालू असायची. मार्च २०१५ मध्ये ओपनएसएसएचच्या ६.८ आवृत्तीत ती मुळातच बंद झाली. पण सर्व्हर नावाची वस्तू कपडे बदलावेत तशी कुणी बदलत नाही. जुने सर्व्हर अजून चौकशी करतात, आणि काही ठिकाणी कुणीतरी ती हौसेने चालू करून ठेवलेली असते.

पडद्यावरचं थांबणं 'सर्व्हिस ॲक्सेप्ट'च्या ओळीवर झालं नाही तर रोग दुसरा. 'नेक्स्ट ऑथेंटिकेशन मेथड' असं म्हणून पुढे 'जीएसएसएपीआय' लिहून जर ते अडकलं, तर गाठ केर्बेरॉसशी आहे. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीत १९८३ साली अथेना नावाचा प्रकल्प सुरू झाला, विद्यापीठभर पसरलेल्या संगणकांवर विद्यार्थ्यांना कुठूनही काम करता यावं म्हणून. त्यात ही पद्धत घडली. पासवर्ड सर्व्हरला द्यायचाच नाही, एका विश्वासू तिसऱ्याकडून तिकीट आणायचं आणि ते दाखवायचं. मोठ्या कंपन्यांत आणि विद्यापीठांत ती आजही उत्तम चालते. गंमत अशी की रेड हॅट आणि डेबियन घराण्यातल्या लिनक्समध्ये ती तुमच्या लॅपटॉपच्या एसएसएच सेटिंगमध्ये आधीच चालू असते. तुमच्या घरात, गावात, तालुक्यात तिकीट देणारा कुणी नसला तरी लॅपटॉप प्रामाणिकपणे त्याला शोधायला निघतो. शोधायचं साधन? पुन्हा डीएनएस. ही तिकिटाची पद्धत एका वेळेपुरती बंद करून लॉगिन करून पाहिलं आणि दार लगेच उघडलं, तर निदान पक्कं.

तिसरं थांबणं पासवर्ड दिल्यानंतरचं, आणि त्याचा आकडा वेगळा आहे: २५ सेकंद. सर्व्हरने तुम्हाला ओळखलं, आत घेतलं, आणि आता तुमच्या नावाने एक नवं सत्र नोंदवायचं आहे. ते काम सिस्टिमडी-लॉगिनडी नावाचा प्रोग्राम करतो आणि त्याला निरोप डी-बस नावाच्या आतल्या टपालाने जातो. कुणी डी-बस पुन्हा सुरू केलं आणि लॉगिनडीचं त्याच्याशी जुळणं तुटलं, की निरोप जातो पण पोच येत नाही. या टपालाची वाट पाहण्याची मुदत २५ सेकंद लिहिलेली आहे. ती संपली की सर्व्हर नाद सोडतो आणि तुम्हाला आत सोडतो. लॉगमध्ये सत्र तयार झालं नाही अशी एक ओळ उरते. लॉगिनडी पुन्हा सुरू केला की संपलं. म्हणूनच म्हणतो, अशा वेळी आधी मोबाइलचं स्टॉपवॉच काढावं. १० की २५, एवढ्यावरून अर्धं निदान होतं.

एक उशीर मात्र मुद्दाम ठेवलेला असतो. चुकीचा पासवर्ड दिला की लिनक्स साधारण २ सेकंद थांबून मग नाही म्हणतं. त्याला नाही म्हणायला वेळ लागत नाही. पण उघड्या इंटरनेटवरच्या कुठल्याही सर्व्हरच्या २२ नंबरच्या पोर्टवर दिवसरात्र यंत्रं पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करत असतात, आणि प्रत्येक चुकीमागे २ सेकंद म्हणजे त्यांच्या मार्गातला चांगलाच खड्डा. अशा घुसखोरांनी दारात गर्दी केली तरी खऱ्या माणसाचं लॉगिन रखडतं किंवा तुटतं. ओपनएसएसएच ओळख न पटलेली १० कनेक्शन झाली की अकराव्यापासून काहींना चिठ्ठ्या टाकल्यासारखं परत पाठवायला लागतं, सुरुवातीला शंभरात ३०. त्या चिठ्ठीत तुमचंही नाव निघू शकतं.

रेणापूरच्या प्रकरणात मात्र घुसखोर नव्हते, सर्व्हर व्हीपीएनच्या आत होता. लॉगिन झाल्यावर तिने सर्व्हरवरूनच स्वतःच्या पत्त्याचं नाव विचारून पाहिलं, वेळ मोजत. उत्तर नाही, आणि लागलेले सेकंद १०. मग 'रिझॉल्व्ह कॉन्फ' ही फाइल उघडली. त्यात डीएनएसचा एकच पत्ता. त्या पत्त्याला पिंग केलं तर कुणी नाही. कंपनीने नवा डीएनएस उभा करून जुनं यंत्र बंद केलं होतं, आणि या एका सर्व्हरच्या फाइलमध्ये जुनाच पत्ता राहून गेला होता. तो सर्व्हर इतरांशी आकड्यांच्या पत्त्यांवरच बोलायचा, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

इथे बरेच जण 'यूज डीएनएस'ला 'नो' लिहून मोकळे होतात. झटपट उपाय आहे, आणि बहुतेक ठिकाणी करायलाही हरकत नाही. फक्त कुणी किल्ल्यांच्या फाइलमध्ये 'अमुक नावाच्या यंत्रावरूनच ही किल्ली चालेल' असं लिहून ठेवलं असेल, तर चौकशी बंद केल्यावर सर्व्हरला नावच कळणार नाही आणि ती किल्ली चालायची थांबेल. शिवाय मेलेला डीएनएस फाइलमध्ये तसाच राहतो. माझं मत विचाराल तर आधी डीएनएस नीट करावा, सेटिंग मागून. आणि एसएसएचच्या फाइलला हात लावायचा असेल तर एक लॉगिन उघडं ठेवूनच लावावा, पुन्हा सुरू करण्याआधी फाइल तपासून घ्यावी. पाचशे किलोमीटरवरच्या सर्व्हरचं दार स्वतःच्याच हाताने लावून बसलं तर इथून एसटी धरावी लागते.

तिने पुण्याला तक्रारीचं तिकीट टाकलं, सेकंदांच्या आकड्यांसह. संध्याकाळी तिथल्या सिस्टिमवाल्या दादांनी पत्त्याची ती एक ओळ बदलली. नव्या डीएनएसलाही तिच्या व्हीपीएनच्या पत्त्याचं नाव माहीत नव्हतं, पण त्याने तसं लगेच सांगितलं, आणि पासवर्डचा प्रश्न अर्ध्या सेकंदाच्या आत आला.

दुसऱ्या दिवशी तिने आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच सर्व्हरवर मायएसक्यूएलचा डेटाबेस आहे, आणि त्यावरचा एक रिपोर्ट सकाळी पहिल्यांदा उघडायला नेहमी वेळ घ्यायचा. डेटा वाढलाय म्हणून असेल, असं समजून सगळ्यांनी ते सोडून दिलं होतं. मायएसक्यूएलही नवं कनेक्शन आलं की आधी डीएनएसला त्याच्या पत्त्याचं नाव विचारतं, ते बंद करायचं सेटिंग त्यातही आहे. रिपोर्टही आता पटकन उघडतोय. "आता मेल सर्व्हरची फाइल बघते काका," ती म्हणाली आणि लॅपटॉप घेऊन माडीवर गेली.